रहिमतपुरात उतरवलेला गूळ

बळवंता,

तुला पोचवून आज बारा दिवस झाले आणि मी अजून तुझ्याशी भांडतोच आहे. परवा बंगल्याच्या गॅरेजात हिरव्या गाडीचं बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी ओतत होतो. एकटाच होतो. तरी मान वळवून दाराकडं बघितलं. पूर्वी अशा वेळी तू दाराला टेकून बोलायचास, "पाज बाबा, पाज. तुज्या म्हातारीची तान भागंपत्तर हिरीचं पानी आटंल." गेल्या सहा वर्षांत तू त्या दारात पाऊल टाकलं नव्हतंस, हे ठाऊक असून बघितलं. मला रडू आलं नाही, राग आला. चाळिशीला टेकतोय न टेकतोय तोवर कावीळ काय होते, वीस दिवसांत माणूस उठून जातो काय. हे कुठलं वागणं?

पण आज भांडायला बसलेलो नाही. तुझ्या उजव्या पायाबद्दल एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. दर रविवारी तुझ्या दुकानात येऊन, अनुसयावहिनींच्या हातचा चहा पिऊन, तासतासभर तुझ्यासमोर बसून मी ती सांगितली नाही. चीनच्या लढाईच्या आधीच्या उन्हाळ्यात तुझा पाय मोडला, आणि तो तुझ्याच चुकीनं मोडला असं तू मरेपर्यंत म्हणत आलास. ती चूक तुझी नव्हती. माझी होती. आता तू ऐकू शकत नाहीस तेव्हा माझं तोंड उघडतंय. तू असतास तर म्हणाला असतास, "वा रं वा, मड्याम्होरं शूर!" म्हण. मी तेवढं ऐकून घेतलंच पाहिजे.

त्या दोन गाड्यांपासूनच सुरू करतो, कारण आपलं भांडणही तिथनंच सुरू झालं.

फौजेच्या वर्कशॉपात आपण आठ वर्षं एकाच ट्रकाखाली पाठीवर पडून काढली. सुटून आल्यावर सांगलीत एकाच गॅरेजात लागलो. तिथं आबासाहेबांच्या दोन गाड्या दुरुस्तीला आल्या. आबासाहेब म्हणजे नदीकाठचा ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ आणि अंगात जुन्या सरदारकीची थोडी ऊब. एका संस्थानिकानं मोटारखाना मोडला तेव्हा त्यांनी त्या उचलल्या होत्या. दोन्ही दोनच माणसांच्या, दोन्ही निव्वळ पळण्यासाठी केलेल्या, एकाच सुमाराला जन्मलेल्या. एक इंग्लंडातली, एक जर्मनीतली. कंपन्यांची नावं आपल्या गॅरेजात कुणाच्या जिभेला वळली नाहीत. तू एकीला इंग्रजीण म्हणालास, दुसरीला जर्मनीण, आणि तीच नावं बंगल्यापर्यंत गेली. पुढं बंगल्यावर जाऊन इंग्रजीणीची निगा मी राखायचो, जर्मनीणीची तू.

इंग्रजीण गर्द हिरवी. नाक एवढं लांब की चालवणारा जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेला. तारांची चाकं, समोर लाकडी फळीवर मांडलेली घड्याळं, सहा सिलिंडर एका रांगेत उभे, दोन कार्बुरेटर. ते दोन्ही एका सुरात आणायला मला तीन दिवस लागले होते आणि ते जुळल्यावर जो आवाज आला त्यानं गॅरेजातली सगळी माणसं हातातलं काम टाकून आली. जर्मनीण चंदेरी, बुटकी, पाठीत कासवासारखी फुगीर. तिला पुढं जाळी नाही, रेडिएटर नाही. इंजिन मागं आणि डिकी पुढं. चार सिलिंडर, दोन डावीकडं आडवे, दोन उजवीकडं, आणि थंड व्हायला नुसती हवा.

माझं म्हणणं, इंग्रजीण खरी. ती काय करणार ते आधी सांगते. वळणावर नाक जड होतं, चाक हातात कुरकुरतं, माणूस सावध होतो. शिवाय सहा सिलिंडरचा तो जोर जर्मनीणीनं जन्मात बघितला नव्हता. तुझं म्हणणं, जोर काय चाटायचाय? चढाला दोन वेळा उकळून रस्त्याच्या कडेला उभी राहते ती कसली पळायची गाडी? जर्मनीण हलकी, आखूड, बोटानं वळते. आणि शेवटी हुकमाचं पान टाकल्यासारखं म्हणायचास, "आनि सर्जा, ती कुनाच्या दारात पानी मागत न्हाई."

हे तू पहिल्यांदा म्हणालास तेव्हा मी हसलो होतो. आटपाडीकडच्या कोरड्या मुलखात गाडी घेऊन जायचं तर ते बरंच, एवढाच अर्थ मी घेतला. तुमच्या माणसांनी पाण्यासाठी किती दारांत किती वेळ उभं राहून काढलं होतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्या गावच्या आडावर मी ते लहानपणापासून बघितलं होतं. पण गाडीच्या गप्पांत तू ते बोलत असशील हे माझ्या टाळक्यात आलं नाही. आठ वर्षं फौजेच्या एकाच लंगरात जेवलो म्हणजे सगळं फिटलं, असं मी धरून चाललो होतो.

जर्मनीणीची खोड मात्र तूच पहिल्यांदा धरलीस. वजन सगळं मागं, नाक हलकं. सरळ रस्त्याला शहाण्या सुनेसारखी. पण वेगात वळण घेताना पाय उचलला की शेपूट बाहेर फेकायची. मी म्हणालो, ही खोट आहे. तू म्हणालास, "खोट न्हाई, सोबाव हाय. सोबाव वळकून वागावं." आणि उपायही तूच काढलास. पुढच्या डिकीत सुट्या चाकाच्या बाजूला आबासाहेबांच्या गुऱ्हाळातले गुळाचे दोन रवे गोणपाटात गुंडाळून दोरीनं आवळलेस. एकेक रवा म्हणजे एका माणसाला जेमतेम उचलता येईल अशी ढेप. मी विचारलं, वाळूचं पोतं का नाही? "वाळू सांडती, दगड वाजत्यात. गूळ गप बसतोय." त्यानंतर जर्मनीणीची शेपूट पुन्हा कधी हलली नाही. मोठमोठ्या इंजिनियरांना सुचलं नसतं ते तुला सुचलं, हे मी तुझ्या तोंडावर कधी कबूल केलं नाही. आज करतो.

पुढं परदेशी सुटे भाग यायचे बंद झाले. दोन गाड्या पोसणं जमेना, तेव्हा आबासाहेबांनी ठरवलं की एक ठेवायची, एक काढायची. आणि जी राहील तिच्याबरोबर तिचा मेस्त्री बंगल्यावर कायमचा राहील. जागा एकच. आपण दोघांनीही एकमेकांकडं बघणं टाळलं ते मला आठवतं. मग त्यांनीच पैज सुचवली. साताऱ्याहून दोन्ही गाड्या निघतील. हमरस्त्यानं नाही, रहिमतपूर, पुसेसावळी, विटा, तासगाव अशा आडरस्त्यानं, भर मे महिन्यात. जी आधी आणि धडधाकट सांगलीत पोचेल ती राहील. बंगल्याच्या व्हरांड्यात त्यांनी आसपासची अठरा माणसं चहाफराळाला बोलावली. कुणी तासगावचे, कुणी मिरजेचे, कुणी विट्याचे.

आपण सकाळी साताऱ्याहून निघालो. रहिमतपुरात गाड्या थंड करायला अर्धा तास थांबायचं ठरलं होतं. तिथं माझी आक्का दिलेली. आठ दिवसांवर तिच्या मुलीचं लग्न आलं होतं आणि मी नवरीचा मामा. तुला म्हणालो, "चल, आक्काकडं च्या घेऊ." तू गाडी तिच्या दारात सावलीला लावलीस, किल्ली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "तू जा. माजा कप तितं येगळा आसतोय. मी आमच्या वस्तीत पानी पिऊन येतो."

मी म्हणालो, "आता कोण मानतंय तसलं?"

"तुजी आक्का न्हाई मानत. तिच्या सासऱ्याला इचार."

मी विचारलं नाही. तू चालू लागलास.

दारात दोन विलायती गाड्या म्हटल्यावर निम्मं रहिमतपूर जमलं. आक्काचे सासरे तात्या काठी टेकत आले. गाडीचं इंजिन बघायचं म्हणाले. मला फुशारकी मारायची हौस. जर्मनीणीची पुढची डिकी उघडून म्हणालो, "बघा तात्या, इंजिन आहे का?"

तात्या वाकले. गोणपाट बाजूला केलं. "आरं, इंजिन न्हाई, ह्यात तर गूळ हाय!" आणि लगेच मागं वळून घरात ओरडले, "आगं सूनबाई, तुज्या भावानं लग्नाला गूळ आणलाय बग! दोन रवं! मामा आसावा तर आसा!"

बळवंता, त्या क्षणाला "नाही" म्हणायला एकच श्वास लागला असता. पण मी रिकाम्या हातानं आलो होतो. नवरीचा मामा, लग्नाच्या घरी, मोटारीतून उतरलेला आणि हातात पावशेर पेढेसुद्धा नाहीत. आक्का बाहेर आली ती पदरानं डोळे पुशीतच. तिच्या सासरी आमच्या माहेराचं कधी फार कौतुक झालं नव्हतं. चार बायका बघत होत्या. "माजी लाज राखलीस बाबा," असं ती हळूच म्हणाली. मी तोंड उघडेपर्यंत दोन गड्यांनी रवे उचलून आत नेले. मी डिकी बंद केली.

मी ठरवलं होतं की तू आलास की सांगायचं, रस्त्याकडचे दोन दगड टाकू, वाजले तर वाजू देत. खरंच ठरवलं होतं. तू आलास तो हसत. इंग्रजीणीच्या नाकातून वाफ निघत होती. तू टोपी काढून तिला मुजरा केलास आणि जमलेल्या माणसांसमोर म्हणालास, "म्हातारीला घोंगडं टाका कुनीतरी, वाफारा घेतीया." सगळे हसले. तात्याही हसले. माझं डोकं फिरलं. मनात म्हटलं, जा हलक्या नाकानं. वळणावर जपून चालवावं लागेल तेव्हा जिरेल. तुला इजा व्हावी असं माझ्या मनात नव्हतं. तू मागं पडावास एवढंच होतं. पण हे लिहिताना कळतं, की दोन्हींमध्ये मी समजत होतो तेवढं अंतर नव्हतं.

आणि इथंच संपलं असतं तरी मी स्वतःला थोडी माफी दिली असती. पुसेसावळीच्या विहिरीवर मी पाणी भरायला थांबलो तर तूही थांबलास. गाडीभोवती एक चक्कर मारलीस. पुढच्या चाकाला लाथ घातलीस.

"सर्जा, आज स्टेरिंग हातात ऱ्हाईना. म्होरल्या चाकांची हवा बग जरा."

मी वाकून हवा बघितली. दोन्ही चाकांची, नीट, अंगठा दाबून. "हवा बरोबर आहे."

"मग नाक का हुंदडतंय?" म्हणत तू आत वाकलास, डिकीची तार ओढायला. तुझा हात तारेवर गेला होता.

"उशीर होतोय," मी म्हणालो. "का भ्यायलास?"

तुला डिवचायचं कसं हे माझ्याएवढं कुणाला माहीत होतं? तू तार सोडलीस, शिवी हासडलीस आणि दार आपटून निघालास.

मी मागं होतो. विट्याच्या अलीकडं माळ संपून उतार लागतो आणि रस्ता उजवीकडं वळतो. तुझी चंदेरी पाठ मला पुढं दिसत होती, उन्हात चमकत. नाक डावं-उजवं करत होतं ते एवढ्या लांबून कळत होतं. मी हॉर्न वाजवला. थांब म्हणून वाजवला की नुसता वाजवला, मला आजही सांगता येत नाही. तुला वाटलं असणार मी पुढं जायला वाट मागतोय. तू वेग वाढवलास. वळणात धनगराची मेंढरं रस्त्यावर होती. तू पाय उचललास. कुणीही उचलला असता, मीही, आबासाहेबही. शेपूट फिरली. गाडी मेंढरांना न शिवता पूर्ण गोल फिरली, नाकानं बांधावर आदळली आणि उलटता उलटता राहिली.

पुढची डिकी चेपून बंद झाली होती. हे मी आधी बघितलं. तुझ्याकडं धावायच्या आधी मी डिकीकडं बघितलं, बळवंता. अनुसयावहिनींना हे सांगितलेलं नाही. तुला सांगतो.

तुझी मांडी मोडली होती. धनगरानं आपला पटका सोडून दिला, मी पहार बाजूला लावून पाय आवळला आणि दोघांनी मिळून तुला इंग्रजीणीत घातलं. तिथनं मिरजेच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता मी जन्मात विसरणार नाही. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेच्या पुढं गेलेला. थांबलो तर उशीर, न थांबलो तर इंजिन जाम. तुझा चेहरा राखेसारखा, ओठ चावून रक्त आलेलं, आणि तू इंजिनाचा आवाज ऐकत होतास. "थांब. हितं थांब. हिरीवरनं पानी आन. झाकण उगडू नगंस एकदम, चिंधी घाल, वाफ जाऊ दे... आता गार पानी एकदम वतू नगं, इंजिन चालू ठिवून थोडं थोडं वत." ज्या गाडीला तू म्हातारी म्हणून हिणवायचास तिला तू बसल्या जागेवरून जपून नेलंस. गाडी मी चालवली, पण मिरजेपर्यंत पोचवली तू.

तासगावच्या पुढं तू डोळे मिटलेस. मला वाटलं गेलास. मग डोळे न उघडता विचारलंस, "सर्जा, नाक येवढं हलकं का झालं रं?"

गाडीत आपण दोघंच होतो. दुसरं कुणी ऐकणारं नव्हतं.

"पेट्रोल संपत आलं असेल," मी म्हणालो. "टाकी पुढंच आहे ना."

तू जरा वेळ विचार केलास. मेस्त्रीचं डोकं तुझं, दुखण्यातसुद्धा हिशोब लावलास. "व्हय," म्हणालास. "माज्या ध्यानात यायला पायजे हुतं."

तुला दवाखान्यात ठेवून संध्याकाळी मी बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात ती अठरा माणसं बसली होती. अपघात झाल्याचं सांगितलं. आबासाहेबांनी आधी विचारलं, गाडीचं काय? मग तुझं. मग पानाला चुना लावत म्हणाले, "चूक माझीच. ज्याच्या हाताला जे शोभतं तेच द्यावं माणसानं. फौजेत राहिला म्हणून काय झालं?" कुणीतरी मागून म्हणालं, "कुठनं कळणार ती अक्कल? शेवटी जन्म कुठला!" दोघेतिघे हसले. माझ्या हातांना तुझं रक्त आणि इंजिनाचं तेल दोन्ही लागलेलं होतं. मी त्यांच्याकडं बघत उभा राहिलो. मला फक्त "गूळ मी काढला" एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी हात धुवायला नळावर गेलो.

आठ दिवसांनी आक्काच्या मुलीचं लग्न झालं. दवाखान्यातल्या मित्रासाठी म्हणून आक्कानं पुरणपोळ्या बांधून दिल्या. मी नको नको म्हणालो. तिनं ऐकलं नाही. तू पलंगावर पडल्या पडल्या तीन खाल्ल्यास आणि म्हणालास, "गूळ झ्याक हाय. आपल्या सांगलीकडचा दिसतोय." मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

नंतर ओढून आणलेल्या गाडीत रवे सापडले नाहीत, तेव्हा लोकांनी लांबवले असंच सगळे म्हणाले. तू तर मजेत सांगायचास, "विट्याच्या लोकांनी माज्या गुळाचा च्या केला." इंग्रजीण राहिली, मी बंगल्यावर लागलो. दुरुस्त करून जर्मनीण पुण्याच्या एका माणसानं नेली. तुझा पाय दोन बोटं आखूड होऊन जुळला. तू बाजाराच्या मागं पाण्याच्या इंजिनांचं दुकान टाकलंस आणि पार जतपासनं शेतकरी तुझं नाव विचारत यायला लागले. कुणी पायाबद्दल विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं. "गाडीचा दोष न्हाई. वळनावर माजा पाय उचलला." त्या गाडीला कुणी नावं ठेवू नयेत म्हणून तू सगळा दोष स्वतःवर घेतलास. आणि मी समोर बसून चहा फुंकत होतो.

का नाही सांगितलं? आधी भीती होती, जागा जाईल. मग लाज. मग एवढी वर्षं गेली की आता सांगून काय, असं झालं. पण त्याच्या खाली आणखी एक होतं. तू मला गमावशील ही भीती नव्हती, मी तुझा रविवार गमावीन ही होती. माझ्याशी एवढं भांडणारं दुसरं माणूस या जिल्ह्यात नव्हतं.

तू जायच्या आदल्या दिवशी, दुपारी, तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. तू विचारलंस, "ती कुटं आसंल रं आता?" मी विचारलं, कोण? "जर्मनीन." म्हणालो, पुण्यात आहे, चालतेय म्हणे. तू हसलास. "वळनावर पाय उचलत नसंल त्यो." मी तुझ्या पायावर हात ठेवला होता. बोलणार होतो. तेवढ्यात तुला झोप लागली, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं.

पाचव्या दिवशी मी अनुसयावहिनींना सांगायला गेलो. त्या दुकानात तुझे नटबोल्टचे पाने पुसून एका पोत्यावर मांडत होत्या. मी उभ्याउभ्या गुळापासून पेट्रोलच्या थापेपर्यंत सांगितलं. त्यांचा हात थांबला नाही. संपल्यावर म्हणाल्या, "मला कशापायी सांगताय? मी काय म्हनू? जाऊ दे भावजी, आसं म्हनू?"

त्यांनी पुढचा पाना उचलला.

"त्यो पाय दर थंडीत रातभर ठनकायचा. मी शेकायची. तवा ते सोताला शिव्या द्यायचे. माजाच पाय चुकला म्हनून." मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. "तुमी ज्येंच्या म्होरं गप बसलासा त्येंच्या म्होरं जाऊन बोला. माज्या म्होरं न्हाई."

दुसऱ्याच दिवशी मी बंगल्यावर गेलो. व्हरांड्यात आबासाहेब, दिवाणजी आणि बाहेरचे दोन पाहुणे बसले होते. मी सांगितलं. गूळ, पुसेसावळीची विहीर, पेट्रोलची थाप, सगळं. आबासाहेब म्हणाले, "अरे, मग तेव्हाच नाही का सांगायचंस? जर्मनीण ठेवली असती मी. वळणावरची खोड आहे म्हणून तर काढली."

"आबासाहेब, बळवंताचं काय?"

"त्याचं काय? तो गेला ना?"

मी तिथनं सरळ तुझ्या दुकानात आलो. वाटलं होतं वहिनी काहीतरी मऊ बोलतील. बोललो म्हणून सांगितलं तर त्यांनी विचारलं, "कोन कोन हुतं तितं?"

सांगितलं.

"आनि त्या दिशी किती हुते?"

"अठरा जण आणि आबासाहेब."

"हे चौगं त्यातलेच?"

"आबासाहेब आणि दिवाणजी. पाहुणे त्या दिवशी नव्हते."

"मग सतरा ऱ्हायले," वहिनी म्हणाल्या आणि पुन्हा पाने पुसायला लागल्या.

मला त्यांचा राग आला. सायकल आपटत घरी आलो. जेवलो नाही. मग कागद घेऊन नावं लिहायला बसलो तर सगळी आठवली, कोण कुठल्या खुर्चीवर होतं तेसुद्धा. सतरांतले तिघे वारलेत. मिरजेचे पाच झाले. एकानं ऐकून घेतलं आणि मान खाली घातली. एक जण, जो त्या दिवशी मागून बोलला होता तो, मी असं बोललोच नाही म्हणून अंगावर धावून आला. त्याला मी त्याचेच शब्द परत ऐकवले. आक्काला पत्र टाकलंय. तात्या अजून आहेत. त्यांना तोंडी सांगायला जायचं आहे, आणि ते मला सगळ्यांत जड जाणार.

काल तासगावला होतो. तिथले एक बागायतदार, त्या दिवशी उजव्या कोपऱ्यात बसलेले, दोघेतिघे हसले त्यांतले एक. आता थकलेत, कमी ऐकू येतं. मी त्यांच्या ओट्याखाली उभा राहून मोठ्यानं म्हणालो, "बळवंताचा पाय माझ्यामुळं मोडला. त्याची काही चूक नव्हती."

त्यांनी कानामागं हात धरला. मला दोनदा सांगायला लावलं. मग थोडा वेळ माझ्या तोंडाकडं बघून त्यांनी विचारलं, "कोन बळवंता?"

मी ओट्यावर चढलो, त्यांच्याजवळ बसलो आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.